रुजतं घरात, वाढतं उन्हात

नवरात्राच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी देवघरात बी पेरलं जातं. पत्रावळीवर किंवा परडीत वावरातली काळी माती पसरायची, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा, भोवती गहू, ज्वारी, जव, मूग अशी सात धान्यं टाकायची आणि वर मातीचा पातळ थर द्यायचा. घटाच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि भोवतीची माती नऊ दिवस ओलसर राहते. रोज एक माळ चढते, नंदादीप तेवत असतो. त्यापलीकडे देवघरात उजेड फारसा नसतोच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धान्य फुटतं. दसऱ्यापर्यंत वीतभर उंचीचे फिकट पिवळे कोंब घटाला वेढून उभे राहतात. ते देवीला वाहायचे, टोपीत, फेट्यात, कानावर त्यांचे तुरे खोवायचे आणि उरलेल्याचं विसर्जन करायचं. कुठलं धान्य जोमानं उठलं ते पाहून रब्बीचा अंदाज बांधणारी जुनी माणसं खेड्यांत अजून भेटतात.

मात्र त्या गव्हाला ओंब्या धरतील अशी वाट कुणी पाहत नाही. नऊ माळा झाल्या की घट उठतो. देवघरात धान्य रुजतं, पिकत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र ते वारंवार सांगावं लागतं. दिवाळीनंतर टोमॅटोच्या बियांचं पाकीट येतं, चार दिवसांत कोवळे अंकुर दिसतात, त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. आणि महिन्याभराने तीच रोपं दोऱ्यासारखी लांबून कुंडीच्या काठावर आडवी पडलेली असतात. दोष मातीला दिला जातो, बियाण्याला दिला जातो, ‘माझ्या हाताला गुण नाही’ असं म्हणून स्वतःलाही दिला जातो. या लेखासाठी शेतकरी, रोपवाटिकावाले आणि खिडकीत मिरच्या लावणारी मंडळी यांच्याशी बोलत गेलो, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच निघालं. रुजवण्यासाठी घरासारखी जागा नाही. वाढवण्यासाठी मात्र घर फार अपुरं पडतं. या दोन कामांची गल्लत झाली, की रोप मरतं.

बियाची शिदोरी

कोरडं बी जिवंत असतं, पण त्याचा सगळा कारभार जवळजवळ थांबलेला असतो. पाणी मिळालं की ते फुगू लागतं. गव्हासारखं धान्य आपल्या वजनाच्या पस्तीस-चाळीस टक्के पाणी पितं, सोयाबीनसारखं द्विदल निम्म्यापर्यंत जातं. मग धान्यातल्या गर्भातून जिबरेलिन नावाचं संप्रेरक सुटतं. सालीखालच्या पेशींचा थर त्याने जागा होतो, तिथे अमायलेज हे विकर तयार होतं आणि साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते. कोंब आणि मूळ वाढतात ते या साखरेवर. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करणाऱ्या आजीला विकराचं नाव ठाऊक नसेल. पण मोडाच्या पिठाची पेज पातळ होते आणि बाळाला सहज पचते, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

या टप्प्यावर बियाला तीनच गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि हवा. मटकीला मोड आणताना आपण हेच करतो. रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी पूर्ण निथळायचं, फडक्यात बांधून उबेला ठेवायची. पाण्यातच राहू दिली तर ती आंबते, कारण बुडालेल्या दाण्याला श्वास घेता येत नाही. कोकणात भाताच्या रहू पद्धतीतही बी भिजवून, दडपून, मोड आणूनच चिखलात फोकतात. बहुतेक बियांना या काळात उजेड लागत नाही. अपवाद आहेत, आणि लेट्यूस त्यातला सर्वात प्रसिद्ध. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं, की लाल प्रकाशाचा एक झोत लेट्यूसच्या बियाला उगवायला लावतो आणि त्यापलीकडचा अतिलाल झोत ते थांबवतो; आळीपाळीने कितीही झोत दिले तरी बी शेवटचाच हुकूम मानतं. म्हणून घरी लेट्यूस लावणाऱ्यांनी बी मातीत गाडू नये, वर भुरभुरून नुसतं दाबावं. मेथी, मिरची, टोमॅटो, दोडका यांच्या बाबतीत ही चिंता नाही.

बियाने बरोबर आणलेली शिदोरी मात्र मोजकी असते. ती संपायच्या आत रोपाने उजेडात पोचून स्वतःचं अन्न शिजवायला लागलं पाहिजे. म्हणून अंधारात रोप एकच काम करतं : उंच होणं. पानं मिटलेली ठेवतं, खोड लांबवत नेतं. हिरवा रंगही धरत नाही, कारण हरितद्रव्य तयार होण्याची शेवटाकडची एक पायरी फुलझाडांमध्ये उजेडाशिवाय पार पडत नाही. मातीखाली दोन इंच गाडलेल्या बियासाठी हे वागणं अगदी शहाणपणाचं आहे. देवघरातल्या गव्हालाही आपण मातीखालीच आहोत असं वाटतं. घटाचे कोंब पिवळे आणि उंच का, याचं उत्तर एवढंच आहे.

खिडकीतली रोपं काचेकडे झुकतात तीही याच धडपडीतून. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर घरच्या घरीच प्रयोग केले. कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वळत नाही, टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तरी वळतो, हे त्यांना दिसलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १८८० मध्ये निघालं. टोकाकडून खाली जाणारा निरोप म्हणजे ऑक्झिन हे संप्रेरक, हे कोडं पुढे १९२०च्या दशकात फ्रिट्स वेंटने सोडवलं. आपण मात्र रोप वाकलं की कुंडी फिरवून ठेवतो. रोप सरळ दिसतं, उजेड आहे तेवढाच राहतो.

शंभरातले किती

घरात बी रुजवण्याचं सर्वात शिस्तीतलं काम पाहायचं असेल तर मे महिन्याच्या शेवटी सोयाबीनच्या पट्ट्यात जावं. लातूर जिल्ह्यातल्या एका घरात ते पाहायला मिळालं. माजघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणाशेजारी, ओल्या गोणपाटाची एक वळकटी उभी करून ठेवलेली. घरातल्या काकूंनी ती सोडून दाखवली. आत दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा दाणे, दोन दाण्यांमध्ये बोटभर अंतर. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून मूठमूठ काढून एकत्र केलेल्या ढिगातून न निवडता हे शंभर दाणे घेतलेले होते. “चांगले चांगले निवडून लावले तर आपलीच फसवणूक,” काकू म्हणाल्या, “पेरताना काय निवडून पेरतो का आपण?” वर दुसरं ओलं गोणपाट घालायचं, सैलसर गुंडाळी करायची, सुतळीने बांधून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. मोजताना फक्त धडधाकट कोंब धरायचे. वाकडे, कुजके, नुसतेच फुगलेले सोडून द्यायचे.

या मोजणीवर पुढचा सगळा हिशेब उभा असतो. शंभरातले सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं वापरायचं. उगवण जसजशी कमी, तसतसं बियाणं वाढवत जायचं. साठच उगवले तर एकरी पस्तीस किलो. त्याहून खाली गेलं तर ते बियाणं पेरायचंच नाही. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक, त्यामुळे एकदा घेतलेलं प्रमाणित बियाणं घरच्या घरी राखून तीन वर्षं वापरता येतं. पण त्याचं साल पातळ आणि गर्भ सालीच्या अगदी लगत असतो. पोती उंचावरून आपटली, थप्पी फार रचली, मळणीयंत्र जोरात फिरवलं, की वरून ठणठणीत दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. हे डोळ्यांना दिसत नाही. ते गोणपाट सांगतं.

२०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातून सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पूर आला होता. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी परतीच्या पावसाने पीक भिजलं होतं, त्याचा फटका बियाण्याला बसला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून कृषी खात्याची घरच्या बियाण्याच्या उगवण तपासणीची मोहीम दर उन्हाळ्यात जोरात चालते आणि गोणपाटाबरोबर वर्तमानपत्राच्या कागदाची पद्धतही शिकवली जाते.

खिडकीत चार कुंड्या लावणाऱ्याने ही पद्धत उचलायला काहीच हरकत नाही. जुन्या पाकिटातल्या दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या की आठवड्यात निकाल कळतो. कांद्याचं बी वर्षभरात थकतं. टोमॅटो आणि वांग्याचं नीट कोरडं ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं. धण्याच्या प्रत्येक बोंडात दोन बिया असतात, म्हणून ते पाटावर हलकेच रगडून दोन फाकी करून टाकावे. कारल्याच्या, दुधीच्या जाड सालीच्या बिया रात्रभर भिजवाव्या. मिरचीला उगवायला टोमॅटोपेक्षा जास्त दिवस आणि जास्त ऊब लागते. डिसेंबरच्या गारठ्यात ती मख्ख बसून राहते आणि आपण रोज माती उकरून पाहत राहतो.

अंधारी खोली, मग शेडनेट

धंदेवाईक रोपवाटिकेत रुजणं आणि वाढणं या दोन टप्प्यांमधली सीमारेषा तासांच्या हिशेबाने पाळली जाते. नारायणगाव परिसर टोमॅटोचा. तिथला शेतकरी आता बी स्वतः टाकत नाही, रोपं विकत आणतो. संकरित बी महाग आणि मोजून मिळतं, त्यामुळे एकेक दाणा उगवला पाहिजे. त्या भागातल्या एका रोपवाटिकेत काम सुरू असताना गेलो. अठ्ठ्याण्णव कप्प्यांचे काळे प्रोट्रे, त्यात ओलसर कोकोपीट, प्रत्येक कप्प्यात बोटाने पाडलेला अर्ध्या सेंटीमीटरचा खळगा आणि त्यात एक बी. बाया हे काम इतक्या झपाट्याने करतात की बोटं दिसत नाहीत. वरून कोकोपीटचा हात फिरवला, की ट्रे एकावर एक रचायचे, सगळ्या थप्पीला प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि बंद खोलीत ठेवून द्यायचं. आत उजेड नाही, वारा नाही, पाणीही पुन्हा घालायचं नाही. कागदाच्या आतच ऊब धरते.

टोमॅटो तीन-चार दिवसांत डोकं वर काढतो, मिरची त्याच्या दुप्पट वेळ घेते. त्या दिवसांत मालक स्वतः सकाळ-संध्याकाळ थप्पी उघडून बघतो. “चौथ्या दिवशी सकाळी कागद काढायचा राहिला, तर संध्याकाळी ट्रे फेकायचा,” तो म्हणाला. “रोप एकदा पळालं की मागं येत नाही.” पळालं म्हणजे लांबलं. पहिले काही कोंब दिसताच सगळे ट्रे उचलून शेडनेटमध्ये, उजेडात पसरतात. पुढे पंचवीस-तीस दिवसांनी टोमॅटोची रोपं विक्रीला येतात, त्याआधी शेवटचे काही दिवस पाणी कमी करून, ऊन जास्त देऊन त्यांना टणक करतात. सावलीत लाडात वाढलेलं रोप शेताच्या उन्हात पहिल्याच दुपारी मान टाकतं.

घरातल्या बागकामात नेमकी हीच दोन वळणं चुकतात. अंकुर दिसल्यावर कुंडी उजेडात हलवायला आपण आठवडा लावतो, कारण कोवळं आहे, ऊन सोसणार नाही असं वाटतं. आणि महिनाभर आत ठेवलेलं रोप एके दिवशी उचलून थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवतो. पहिल्या चुकीने ते लांबतं, दुसरीने करपतं. कोंब दिसताच उजेड द्यायचा. बाहेर नेताना मात्र तास-तासाने ऊन वाढवत न्यायचं.

डोळ्यांची फसगत

“आमच्याकडे भरपूर उजेड आहे,” असं सगळेच सांगतात आणि खरं समजूनच सांगतात. माणसाचे डोळे उजेड मोजत नाहीत, त्याच्याशी जुळवून घेतात. उन्हात बाहुली आकसते, खोलीत मोठी होते आणि दोन्हीकडे आपल्याला वर्तमानपत्र वाचता येतं. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने साधारण अंदाज घेतला तरी चित्र बदलतं. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात लाखभर लक्स असतात. इमारतीच्या सावलीत पण उघड्या आभाळाखाली दहा-पंधरा हजार. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीच्या आत, काचेलगत, दोन-तीन हजार. आणि सोफ्याशेजारच्या त्या कोपऱ्यात, जिथे मोठ्या हौसेने झाड ठेवलेलं असतं, तिथे दोनशेसुद्धा भरत नाहीत. उन्हाच्या पाचशेव्या हिश्शावर टोमॅटोने फळ धरावं अशी आपली अपेक्षा असते.

खिडकी कुठल्या दिशेची, हा प्रश्नही इथे इथल्या हिशेबाने सोडवावा लागतो. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम असं ठामपणे सांगतात, कारण तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडेच असतो. मुंबई एकोणीस अंश अक्षांशावर, पुणे साडेअठरा. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे जूनमध्ये आपल्या दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही, आणि उत्तरेच्या खिडकीत मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपी तिरीप डोकावते. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर, दक्षिणेला असतो. वर छज्जा नसेल तर सहा फुटी दारातून तेव्हा ऊन साडेपाच फूट आत येतं. म्हणून दक्षिणेची गॅलरी असलेल्यांनी भाजीचा हंगाम दिवाळी ते फेब्रुवारी धरावा. पूर्वेच्या खिडकीला कोवळं ऊन वर्षभर मिळतं. पश्चिमेचं ऊन हिवाळ्यात चालतं, एप्रिलमध्ये भाजून काढतं.

हा हिशेब उघड्या खिडकीचा. प्रत्यक्षात बाहेर ग्रिल असतं, ग्रिलवर वाळत घातलेले कपडे असतात, वर शेजाऱ्यांचा पत्रा असतो आणि समोर नवा टॉवर उभा राहतो. ठाण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या खिडकीतलं जास्वंद समोरची इमारत वर चढत गेली तसतसं कळ्या कमी करत गेलं आणि शेवटी नुसतं पानांचं झाड उरलं. खत बदलून काय होणार!

सावलीतल्या झाडांची कुळं

मग घरात वर्षानुवर्षं टिकतात ती झाडं कुठली? ज्यांचं मूळ घरच अंधारं आहे ती. आज बाजारात इनडोअर म्हणून विकली जाणारी बहुतेक झाडं उष्ण कटिबंधातल्या जंगलांच्या तळाशी, उंच झाडांच्या गर्द छायेत वाढणारी आहेत. पीस लिली आणि मॉन्स्टेरा अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांतली, अॅग्लोनिमा आग्नेय आशियातलं. झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेतलं. ते मातीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवतं, म्हणून पाणी घालायला विसरणाऱ्यांच्या घरी सुखाने राहतं. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. ते दिवसा पर्णरंध्रं मिटून रात्री उघडतं, त्यामुळे त्याचं पाणी कमी उडतं. यातलं कुणीही उजेडावाचून जगत नाही. कमी उजेडात ती फक्त हळूहळू उपाशी राहतात, आणि ते आपल्या लक्षात यायला वर्ष-दोन वर्षं जातात.

मनीप्लांट या सगळ्यांचा राजा. चोरून आणला तरच लागतो, ही समजूत घराघरांत आहे. प्रत्यक्षात त्याचं कांड पाण्यात ठेवलं तरी मुळं धरतं, मग तो चोरीचा असो की विकतचा. तो मूळचा पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाचा. घरात त्याची पानं तळहाताएवढी असतात. तोच वेल बागेतल्या मोठ्या झाडावर चढला की पानं सुपाएवढी होतात आणि कडांना फाटत जातात. झाड तेच, फरक फक्त उजेडाचा आणि आधाराचा. त्याला फुलं जवळजवळ कधीच येत नाहीत, कारण फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, असं २०१६ मधल्या अमेरिकन संशोधनात दिसलं. म्हणजे जगभर आहेत ते मनीप्लांट बहुतेक कांडी तोडून तोडूनच पसरले.

परदेशी झाडं समुद्र ओलांडून जिवंत येऊ लागली त्यामागेही उजेडाचीच गोष्ट आहे. लंडनचा डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड याने १८२९ मध्ये एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह काचेच्या बंद बरणीत ठेवला होता. त्यात आपोआप एक नेचा आणि गवत उगवलं आणि पाणी न घालता टिकलं. त्यावरून त्याने काचेची बंद पेटी बनवली आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपं सिडनीपर्यंत जिवंत पोचली. त्याआधी रोपं खाऱ्या वाऱ्याने तरी मरत किंवा जहाजाच्या तळातल्या अंधाराने. काचेची पेटी डेकवर उजेडात ठेवता येई आणि खारं पाणी आत जात नसे. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत चहा आणला तो याच पेट्यांतून. चहाचं बी लवकर मरतं म्हणून त्याने ते पेटीतल्या मातीतच पेरलं आणि ते वाटेत रुजत आलं.

घरातली झाडं हवा शुद्ध करतात, हा दावा मात्र बाजाराने फार ताणला आहे. नासासाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी केलेला १९८९ चा अभ्यास लहान बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या हवेची बरोबरी करायची, तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यातून निघालं. झाड आवडतं म्हणून ठेवावं, तेवढं कारण पुरेसं आहे. शुद्ध हवेसाठी खिडकी उघडावी.

माया पाण्याची

उजेड कमी पडला की माणूस पाणी वाढवतो. झाड मलूल दिसतं, आपल्याला दुसरं काही देता येत नाही, हात आपोआप तांब्याकडे जातो. पण कमी उजेडात झाड पाणी कमी पितं. न प्यायलेलं पाणी मातीतल्या हवेची जागा घेतं आणि मुळं गुदमरून कुजतात. मुळं कुजली की पानं मलूल होतात आणि आपण पुन्हा पाणी घालतो. घरातली झाडं तहानेने मरतात त्याहून जास्त अशी मरतात.

कोवळ्या रोपांवर याच ओलीत पिथियम आणि रायझोक्टोनियासारख्या बुरशा तुटून पडतात. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवं झालेलं असतं. ‘रोपं कोलमडणे’ असंच कृषी पुस्तकांत या रोगाचं नाव आहे. त्यावर नंतरचा उपाय चालत नाही. आधीच निचऱ्याचं माध्यम, विरळ पेरणी, खेळती हवा आणि वरचा थर सुकू देणं, एवढंच हातात असतं. कुंडीभोवती घोंगावणारी काळी चिलटंही याच सततच्या ओलीवर पोसलेली असतात.

पाणी कधी घालावं याला वार नसतो. मुंबईच्या जुलैत, दमट हवेत, कुंडी आठ-आठ दिवस ओली राहते. पुण्याच्या कोरड्या मार्चमध्ये तीच कुंडी दोन दिवसांत सुकते. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून पाहावी, सुकलेली कुंडी हाताला लगेच हलकी लागते. आणखी एक गोष्ट नर्सरीतल्या रोपाची. आंध्रातल्या कडियमच्या पट्ट्यातून किंवा पुण्याजवळच्या नर्सऱ्यांतून येणारी बरीच रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यासकट येतात. तो गोळा तसाच भुसभुशीत मातीत लावला, तर एक तर तो पाणी घेतच नाही, किंवा घेतलेलं सोडत नाही. नवी पानं येऊ लागली की पावसाळ्यात तो हळूच मोकळा करावा. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात चार पानं गळली तर घाबरू नये. शेडनेटच्या उजेडावर जमवलेली पानं तुमच्या दिवाणखान्यात पोसण्याची त्या झाडाची ऐपत नसते, म्हणून ते स्वतःच खर्च कमी करतं.

गच्चीची किल्ली

उजेड कमी आहे हे मान्य केलं, तर पुढचे मार्ग तीनच उरतात. पहिला, दिवा. साधा पांढरा एलईडीही चालतो. जांभळ्या उजेडाचा महागडा दिवाच हवा असं नाही. मात्र तो छताला उपयोगाचा नाही, रोपापासून वीतभर अंतरावर हवा आणि रोज चौदा-पंधरा तास चालू हवा. महिनाभराच्या रोपांसाठी हे परवडतं. त्याखाली वांगी पिकवायची म्हटलं, तर विजेचं बिल मंडईतल्या वांग्यांच्या कितीतरी पट होईल.

दुसरा मार्ग, रुजण्यापाशीच थांबणं. मेथी, मोहरी, मूग, सूर्यफूल दाट पेरावं आणि दोन पानं हिरवी होताच कात्रीने कापून कोशिंबिरीत घालावं. हल्ली याला मायक्रोग्रीन्स म्हणतात. बियाची शिदोरी संपायच्या आतच पीक हाती येतं, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही ते जमतं. फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात खरोखर पिकणारं पीक म्हणाल तर हेच.

तिसरा मार्ग घराबाहेर जातो. ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणारे श्री. अ. दाभोळकर प्रयोग परिवाराच्या शेतकऱ्यांना पान आणि ऊन मोजायला शिकवत. किती चौरस फूट पानांवर किती वेळ ऊन पडलं यावर पिकाचा हिशेब मांडत. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडं भरलेल्या पिशव्यांत गच्चीवर भाजी पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून फळझाडांची आणि भाज्यांची बाग उभी केली. यातलं काहीच दिवाणखान्यात घडलेलं नाही, घडणारही नाही.

आपल्या शहरांत ऊन कमी नाही, ते वाटून घ्यायची सोय कमी आहे. ज्या सोसायटीत चाळीस कुटुंबं खिडकीच्या ग्रिलमध्ये मिरचीची रोपं जगवायची धडपड करत असतात, तिच्याच गच्चीवर दिवसभर लखलखीत ऊन पडून वाया जातं. तिथे पाण्याच्या टाक्या आणि डिशअँटेना एवढंच असतं, दाराला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. गळतीची भीती खोटी नाही, पण जलरोधक थर, हलकं माध्यम आणि स्टँडवर उचलून ठेवलेल्या कुंड्या यांनी ती बरीचशी सुटते. भांडणाची भीतीही खोटी नाही. ती मात्र कुठल्या खताने सुटत नाही, तिला वार्षिक सभाच लागते.

तेव्हा यंदा बी जरूर घरात टाका. ओल, ऊब आणि थोडा अंधार यांत तुमचं घर कुठल्याही रोपवाटिकेच्या तोडीचं आहे. पण पाकीट उघडण्याआधी अंकुर फुटल्यावर ट्रे कुठल्या उन्हात जाणार ते ठरवून ठेवा. आणि ते ऊन गच्चीवर असेल, तर बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी सोसायटीच्या सभेत विषय मांडा.